कडेच्या घराकडे धावणारा घोडा

रविवारी संध्याकाळी टीव्हीवर सिनेमा लागला की मुलुंड पूर्वेच्या त्या इमारतीच्या जिन्यात चिटपाखरू दिसत नसे. फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या वालावलकरांकडे सगळं उलटं. दार बंद, पडदे ओढलेले, आत टीव्हीचा उजेड, पण आवाज म्हणून नाही. यावर इमारतीत तर्क लढवले जात. कुणी म्हणे, टीव्ही बिघडलाय आणि लाजेपायी सांगत नाहीत. कुणी म्हणे, जयवंत वालावलकराने सिनेमा न बघण्याचा नवस बोललाय. तळमजल्यावरच्या वनमालाबाईंची तर खात्रीच होती की आत व्हिडिओवर भलतंच काही चालतं. जिन्यात भेटल्या की त्या जयवंताच्या बायकोकडे, मालनकडे, अतीव दयेने बघायच्या आणि हातावर शेवग्याची शेंग ठेवायच्या.

मालनला खरं कारण ठाऊक होतं, पण तिला तोंड उघडायची बंदी होती. जयवंत त्या टीव्हीला कॉम्प्युटर जोडून त्याला बुद्धिबळ शिकवत होता.

सत्याऐंशी साल ते. दुबईला असलेल्या मेहुण्याने रबरी बटणांचा, पोळ्यांच्या डब्याएवढा एक कॉम्प्युटर आणून दिला होता. त्याला स्वतःचा पडदा नव्हता, म्हणून टीव्ही. त्याला स्मरणशक्ती होती, पण वीज गेली की तीही जायची, म्हणून टेपरेकॉर्डर. जे काही शिकवलं ते गाण्याच्या साध्या कॅसेटवर भरून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी कॅसेट लावून त्याला पुन्हा ऐकवायचं, तेव्हा गाडी पुढे सरकायची. जयवंत साकीनाक्याला व्होल्टेज स्टॅबिलायझर बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होता. डिप्लोमा झालेला, डोकं तल्लख, आणि त्या तल्लखपणाची स्वतःला पुरेपूर जाणीव असलेला. प्रोग्रामचं नाव त्याने ठेवलं होतं ‘वेतोबा’. आरवलीचा वेतोबा कसा गावाची राखण करत फिरतो, तसा हा पटावर राजाची राखण करील अशी त्याची श्रद्धा होती.

पण वेतोबाची राखण करायचं काम जयवंताने स्वतःकडे घेतलं होतं. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ हे त्याचं ब्रीद. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत कुणी म्हणालं, “काय वालावलकर, डोळे लाल दिसतायत?” तर हा उत्तर द्यायचा, “कांदा कापत होतो.” एवढे कांदे कापणारा नवरा मिळाला म्हणून कारखान्यातल्या बायका मालनचा हेवा करू लागल्या. घरी कुणी पाहुणा आला की कॉम्प्युटरवर टॉवेल, टॉवेलवर तांदळाची परात. एकदा मालनचा सख्खा भाऊ, ज्याने तो कॉम्प्युटर दुबईहून आणला तोच, सुट्टीवर आला तर त्यालासुद्धा दाखवला नाही.

“अहो, त्यानेच दिलाय ना तो?” मालन म्हणाली.

“डबा त्याने दिला. डब्यात काय शिजतंय ते त्याला कशाला?”

कॅसेट चोरीला जाऊ नये म्हणून त्याने तिच्यावर सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं होतं, ‘श्री सत्यनारायण कथा, भाग दुसरा’. भाग दुसरा अशासाठी की पहिल्याशिवाय दुसरा कोण कशाला नेईल? पण हा हिशेब वनमालाबाईंना कळवायचा राहिला. श्रावणात त्यांच्याकडे पूजा होती. त्यांच्या कॅसेटचा दुसरा भाग टेपमध्ये गुंतून तुटला. त्या धावत वर आल्या, दार नुसतं लोटलेलं, मालन अंघोळीला गेली होती, आणि शोकेसमध्ये समोरच भाग दुसरा उभा.

जयवंत साकीनाक्याहून परतत होता. इमारतीच्या फाटकाशी आला. आवारात लाउडस्पीकर लावलेला, आणि त्यातून त्याचा वेतोबा गगनभेदी किंचाळत होता. कॉम्प्युटरच्या कॅसेटचा आवाज ज्यांनी ऐकला नसेल त्यांनी पत्र्यावर खिळा ओढणाऱ्या माणसाला विंचू चावला आहे अशी कल्पना करावी. पोरं कानांवर हात ठेवून नाचत होती. भटजी हातातलं तुळशीचं दळ तसंच धरून बसले होते. जयवंत चपलांसकट मांडवात घुसला आणि टेपचं बटण दाबलं.

“भावोजी, ही कुठली हो कथा?” वनमालाबाईंनी विचारलं.

“कोकणातली,” जयवंत म्हणाला, आणि कॅसेट खिशात घालून वर निघून गेला.

भटजी खुद्द राजापूरचे होते. त्यांनी दक्षिणा घेईपर्यंत मान हलवणं थांबवलं नाही.

जयवंताचा सगळा आटापिटा होता तो एका स्पर्धेसाठी. घाटकोपरच्या एका वाचनालयात रविवारी सकाळी बुद्धिबळ खेळणारी मंडळी जमत. त्यांचे म्होरके नंदकुमार दळवी, बँकेत हेडक्लार्क, गळ्यात चष्म्याची दोरी, बोलणं तोलून मापून. त्यांनी दिवाळीनंतरच्या एका रविवारी कॉम्प्युटरच्या प्रोग्रामांची आपापसांतली स्पर्धा जाहीर केली होती. माणसांनी नुसतं मशीनसमोर बसायचं, मशीन सांगेल ती सोंगटी पटावर हलवायची आणि समोरच्याची खेळी आपल्या मशीनला टाइप करून सांगायची.

त्या वाचनालयात चंदर कोळी यायचा. वर्सोव्याचा, टेलिफोन खात्यात कामाला, आवाज होडीवरून किनाऱ्याला हाक मारायची सवय असलेला. त्यानेही प्रोग्राम लिहायला घेतला होता आणि नाव ठेवलं होतं ‘पापलेट’. जयवंत जे जे झाकत होता ते ते चंदर चव्हाट्यावर मांडत होता. आपला अख्खा प्रोग्राम त्याने टाइप केला, सायक्लोस्टाइल करून गठ्ठा वाटला आणि एक प्रत वाचनालयाच्या भिंतीवर चिकटवली. शेजारी दोऱ्याने पेन्सिल लटकवली. खाली लिहिलं, ‘चूक दिसली तर लिहा. लाजू नका.’

आणि लोक खरंच लाजत नव्हते. कुणी गणिताचे मास्तर येऊन बेरीज सुधारून जायचे. कुणी कॉलेजातली पोरगी एक अख्खी ओळ खोडून दुसरी लिहून जायची. एकाने नुसतंच ‘अक्षर सुधारा’ असं लिहिलं होतं, टाइप केलेल्या कागदावर.

“वेडा आहेस काय रे तू?” जयवंताने एकदा न राहवून विचारलं. “सगळं भिंतीवर? उद्या कुणी उचललं तर?”

“उचलू दे ना यार. माझी सगुणा अंधेरीच्या बाजारात बसते. तिला विचार, मासा पदराखाली झाकून विकता येतो का. गिऱ्हाईक कल्ले उचलून बघणारच. ज्याचा मासा शिळा त्याला भीती.”

“झाकली मूठ सव्वा लाखाची असते.”

“असेल. पण झाकल्या मुठीने खाजवता येत नाय,” चंदर म्हणाला आणि स्वतःच गडगडून हसला. मग सहज म्हणाला, “तुझं काय चाललंय? तू पण लिहितोस असं ऐकलं.”

“छे! मी कांदे कापतो,” जयवंत म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की ही थाप कारखान्यातली होती.

त्या दिवसापासून जयवंत दर रविवारी भिंतीसमोर उभा राहू लागला. कागदाच्या शेजारीच वधूवर मेळाव्याची जाहिरात होती. तो तोंड तिकडे करायचा आणि डोळे इकडे. वाचनालयाच्या बाईंनी एकदा हळूच विचारलं, “घरात कुणाचं जमवायचंय का?” तो म्हणाला, “भाचीचं.” त्याला भाची नव्हती. पण पापलेट त्याला ओळन् ओळ पाठ झाला. आणि अशाच एका रविवारी त्याला ते सापडलं.

प्रोग्रामला पटावरचं प्रत्येक घर चांगलं की वाईट हे आकड्यांनी सांगावं लागतं. घोडा मधल्या घरात शोभतो, कडेला निकामी होतो, म्हणून मधल्या घरांना जास्त गुण, कडेच्या घरांना कमी. चंदरने तसंच केलं होतं. पण मध्यंतरी कुणीतरी भिंतीवरचा कागद फाडून त्यात तंबाखू बांधून नेली, म्हणून चंदरने तो पुन्हा टाइप केला, आणि त्या वेळी उजव्या कडेच्या एका घराला पाचाच्या जागी पन्नास गुण पडले, आणि लोकांच्या सगळ्या सुधारणा एकदम घ्याव्यात म्हणून मशीनमध्येही त्याने हाच कागद पाहून प्रोग्राम भरला. पन्नास म्हणजे अख्ख्या हत्तीची किंमत! घोड्याला फट मिळाली की तो बाकीची लढाई टाकून त्या घराकडे सुटणार, जत्रेत हरवलेलं पोर जिलबीच्या दुकानाकडे जातं तसा. आकड्यांच्या त्या जंगलात हे एक शून्य मास्तरांना दिसलं नव्हतं, पोरीला दिसलं नव्हतं. दिसलं ते जयवंताला.

त्याचा हात पेन्सिलीकडे गेला. गेला हे खरं. दोऱ्याला धरून त्याने ती उचललीसुद्धा. मग इकडेतिकडे बघितलं, पेन्सिल सोडली, आणि ती भिंतीवर टकटक करत झोके घेत राहिली. घरी येऊन त्याने वेतोबाला एक नवी युक्ती शिकवली. समोरच्याचा घोडा त्या कडेच्या घरात आला की त्याच्या परतीच्या वाटेवर उंट रोखायचा, मग शेजारचं प्यादं एक घर सरकवून घोड्यावर घालायचं. घोडा मेला. त्या दिवशी जयवंत इतका खुशीत होता की मालनने विचारलं, “बढती मिळाली की काय?”

“त्याहून मोठं. पण सांगणार नाही.”

“माहीत आहे,” मालन म्हणाली आणि भाकरी उलटली.

स्पर्धेच्या दिवशी वाचनालयाच्या हॉलला टीव्हीच्या दुकानाची कळा आली होती. जयवंताने कारखान्यातून स्टॅबिलायझर आणला होता, आणि मशीनवर काळं कापड घातलं होतं. दर खेळीला त्या कापडात डोकं घालायचं, टाइप करायचं, बाहेर यायचं. जुना फोटोग्राफर दिसत होता तो. चंदर मोकळ्या छातीने बसला होता, त्याच्या टीव्हीभोवती जत्रा, आणि सगुणा सर्वांना तळलेले बोंबील वाटत होती. मालन दुसऱ्या रांगेत डबा मांडीवर घेऊन बसली. नवऱ्याने इतके महिने काय केलं ते बघायला तीही प्रथमच आली होती.

पण खरा रुबाब होता श्यामसुंदर सबनीसांचा. घाटकोपरला स्टेशनजवळ त्यांचा कॉम्प्युटरचा क्लास होता. सफारी, अत्तर, आणि मशीनवर साधंसुधं कापड नाही, तर जरीच्या काठाचं मखमली आच्छादन. प्रोग्रामचं नाव ‘अजिंक्य’. कुणी जवळ आलं की ते बोट वर करायचे. जयवंताला हा माणूस बघताक्षणी आवडला. इतक्या वर्षांत आपल्या जातकुळीचा कुणी भेटला असं वाटून त्याने लांबूनच मान झुकवली. सबनीसांनीही झुकवली.

पहिली फेरी झाली. जयवंताच्या समोरच्याचं मशीन तापून बंद पडलं, वेतोबा जिंकला. उपांत्य फेरीत वेतोबाने एका विद्यार्थ्याचा प्रोग्राम धुतला. आता दुसरा उपांत्य सामना, पापलेट विरुद्ध अजिंक्य. जिंकेल त्याच्याशी वेतोबाची गाठ. जयवंत देवाला विनवत होता की पापलेट जिंकू दे. त्याच्यासाठीच तर सगळं पान वाढून ठेवलं होतं.

थोड्या खेळ्या झाल्या आणि पापलेटचा घोडा उड्या मारत निघाला तो थेट त्या कडेच्या घरात जाऊन बसला. जयवंताने मनात हात चोळले. पुढच्याच खेळीला सबनीसांनी मखमलीत डोकं घातलं, बाहेर काढलं आणि अजिंक्यचा घोडा उचलून ठेवला. कुठे? त्यांच्या बाजूच्या बरोबर त्याच घरात. पटाच्या एकाच कडेला दोन घोडे, एक पांढरा, एक काळा, दोघेही बाहेर तोंड करून. गाडी चुकलेल्या जुळ्या भावांसारखे.

हॉलमध्ये खसखस पिकली. नंदकुमार दळवींनी चष्मा नाकावर चढवला. “हे जरा विचित्र आहे,” ते म्हणाले. “दोन्ही प्रोग्राम सुरुवातीपासून एकसारखेच खेळतायत.”

चंदर काही बोलणार तेवढ्यात सबनीस उभे राहिले. “दळवी साहेब, मी हे बोलणार नव्हतो. पण माझा प्रोग्राम चोरीला गेला आहे. आणि चोर समोर बसलाय.”

चंदरचा घास तोंडात राहिला. “ओ साहेब, काय बोलता? माझा तर चार महिने भिंतीवर लावलाय! सगळ्यांना माहितीय!”

“तेच तर!” सबनीस सभेकडे वळले. “तुम्हीच सांगा, स्वतः घाम गाळून केलेली वस्तू कुणी अशी फुकट वाटतो का? आयत्या मालाचीच अशी उधळण होते. माझा प्रोग्राम कपाटात होता. कुलपात. आजवर कुणीही पाहिलेला नाही.”

युक्तिवाद बिनतोड होता. लोकांच्या माना हलू लागल्या. खरं सांगायचं तर सर्वांत आधी जयवंताचीच हलली, कारण हे वाक्य जणू त्याच्याच तोंडचं होतं. फुकट कोण वाटतो? मग त्याची नजर चंदरकडे गेली. तो आडदांड माणूस दोन्ही हात पसरून नुसता उभा होता. सगुणा मात्र बोंबलांचं ताट खाली ठेवून पदर खोचत होती, म्हणजे पुढचा प्रसंग अटळ होता.

जयवंत मालनशेजारच्या खुर्चीत चुळबुळू लागला. मालन कुजबुजली, “पोटात दुखतंय का?”

“नाही गं. मला माहितीय यातलं.”

“मग बोला की.”

“बोललो तर फायनलला हरेन.”

“आणि नाही बोललात तर मला हे जन्मभर ऐकावं लागेल. उठा.”

जयवंत उठला. “सबनीस साहेब,” तो म्हणाला, “तुमचा घोडा त्या घरात का गेला?”

सबनीसांना हा आपल्या बाजूचा माणूस वाटला. ते प्रसन्न हसले. “कडेवरून दबाव. हे आमच्या अजिंक्यचं खास धोरण आहे. सविस्तर अर्थातच सांगता येणार नाही.”

“धोरण नाही हो ते. शून्य आहे.”

“काय?”

“शून्य. चंदरने टाइप करताना पाचावर एक शून्य जास्त मारलंय. म्हणून घोडा तिथे जातो. पुढ्यात फुकटचा उंट ठेवा, तरी उंट सोडून तिथेच जाईल.”

दळवींनी तोलून मापून विचार केला आणि दोन्ही मशीनना नवा पट मांडायला लावला. घोड्याच्या पुढ्यात बेवारस उंट. पापलेटच्या घोड्याने उंटाकडे ढुंकूनही न बघता कडेचं घर गाठलं. मग सबनीसांना मखमल बाजूला करायला सांगितलं. अजिंक्यचा घोडाही उंटाला ओलांडून जिलबीच्या दुकानात.

“पण चूक मुळात कुणाची, हे कसं कळणार?” दळवी म्हणाले.

“सोपं आहे. चंदरने पहिल्यांदा वाटले त्या कागदांवर पाचच आहे. तंबाखूवाल्याने भिंतीवरचा फाडला, त्यानंतरच्या कागदावर पन्नास. सबनीस साहेबांचा कुलपातला असता तर चंदरच्या टायपिंगची चूक कुलपात कशी शिरली?”

पहिला कागद गर्दीतल्या निम्म्या लोकांकडे होता. गणिताच्या मास्तरांच्या पिशवीतच निघाला. खुद्द दळवींनी तो घरी टेबलाच्या काचेखाली ठेवला होता. उघड्यावर वाढलेल्या पोराला जन्मदाखला लागत नाही, अख्खी आळी साक्षीला उभी राहते. सबनीसांनी मखमलीची घडी घातली, “विद्यार्थ्यांवर विश्वास टाकला हीच माझी चूक,” असं म्हणत टीव्ही उचलला, आणि तो एकट्याला उचलेना म्हणून चंदरनेच दुसरी बाजू धरून त्यांना जिन्यापर्यंत पोचवलं.

परत येऊन चंदर जयवंतासमोर उभा राहिला. “तुला कधी दिसलं होतं ते शून्य?”

“झाले दोन महिने.”

“पेन्सिल होती ना तिथे?”

“होती.”

“मग?”

“तुला हरवायचं होतं.”

चंदर असा हसला की टीव्हीवरचं चित्र हललं. “मग बरोबर केलंस! बोंबील खा.”

इथे जयवंताचं तोंड जे सुटलं ते सुटलंच. इतके महिने एक अक्षर न बोललेला माणूस तो, धरणाचा दरवाजा उघडावा तसं झालं. शून्याबद्दल सांगता सांगता त्याने ते घोडा पकडायचं जाळं सांगितलं, जाळ्यावरून उंटावर गेला, उंटावरून वेतोबा किती खेळ्या पुढचं बघतो त्यावर, आणि काळं कापड कधी गळून पडलं ते त्यालाही कळलं नाही. कॉलेजातली ती पोरगी वहीत उतरवून घेत होती. त्याने आपणहून तिला दिसेल असा आपला टीव्हीसुद्धा फिरवून दिला. मालन थक्क होऊन बघत होती. लग्न झाल्यापासून नवऱ्याची एवढी वाक्यं सलग तिने ऐकली नव्हती.

“फायनलपूर्वी चंदरला ते शून्य काढू द्यायचं का?” दळवींनी विचारलं. “तुमची हरकत असेल तर नाही.”

“काढू दे,” जयवंत राजासारखा म्हणाला.

चंदरने शून्य काढलं आणि फायनल सुरू झाली. वेतोबाची दशा बघवेना. बिचाऱ्याने उंट रोखून ठेवला, प्यादं तयार ठेवलं, पाट मांडला, रांगोळी घातली, आणि पाहुणा फिरकलाच नाही. पापलेटचा घोडा मधल्या घरात शहाण्यासारखा बसला होता. तरी वेतोबा चिवट. हळूहळू त्याने एक प्यादं मिळवलं, मग आणखी एक. जयवंताच्या चेहऱ्यावर तेज चढलं. वेतोबाने एक प्यादं ऐटीत दोन घरं पुढे टाकलं. आणि पापलेटने शेजारचं आपलं प्यादं तिरकं सरकवून, मधल्या रिकाम्या घरात ठेवून, जयवंताचं प्यादं पटावरून उचललं.

जयवंताने ती खेळी मशीनला सांगितली. मशीनने ती नाकारली. पुन्हा टाइप केली. पुन्हा नाकारली. जयवंत उभा राहिला आणि रागाच्या भरात त्याची मुंबई गळून पडली.

“ह्यां काय चललां हा? रिकाम्या घरात जावन माझां प्यादां खाल्ल्यान? अशी खंय रीत असता?”

दळवी हळुवारपणे म्हणाले, “वालावलकर, असते. दोन घरं उडी मारणाऱ्या प्याद्याला शेजारच्या प्याद्याने लगेचच्या खेळीत असं मारता येतं. नियम आहे.”

“कधीपासून?”

“झाली असतील चार-पाचशे वर्षं.”

जयवंत बुद्धिबळ शिकला होता कुडाळला, काकाच्या ओसरीवर, देशी पद्धतीचं. तिथे प्यादं एकेकच घर चालतं, त्यामुळे हा प्रश्नच नव्हता. मुंबईला आल्यावर बाकीचे नियम त्याने इकडून तिकडून टिपले, हा तेवढा निसटला. आणि आता त्याला आठवलं की भिंतीवर मास्तरांच्या अक्षरात पेन्सिलीने हीच दुरुस्ती लिहिलेली होती. ती वाचून तो मनातल्या मनात पोट धरून हसला होता. रिकाम्या घरात मारतोय, गाढव! ही पण चूकच, असं समजून त्याने ती सोडून दिली होती. कुणाला विचारावं, तर आपण इतकं बारीक वाचतोय हे उघड झालं असतं.

नियम माहीत नसलेलं मशीन पुढे खेळू शकेना. दळवींनी पापलेटला विजयी ठरवलं. टाळ्या वाजल्या, आणि जयवंत आपल्या टीव्हीच्या वायरी गुंडाळू लागला, गुंडाळलेल्याच पुन्हा.

चंदर शेजारी येऊन उकिडवा बसला. “मायला, जिंकत होतास तू. वाट लागली होती माझी. एकदा मला दाखवला असतास तर पाच मिनिटांत सांगितलं असतं.”

“तेच तर,” जयवंत म्हणाला. “दाखवला असता तर तू मला हरवलं तरी कसं असतंस?”

चंदरने वायरीचं दुसरं टोक हातात घेतलं. “येत्या रविवारी घरी येतो तुझ्या,” तो म्हणाला. “तो नियम घालून टाकू. वहिनी, सरंगा खाता ना?”

“खातो तर,” मालन म्हणाली. “पण चारच्या आत आटपा हो. संध्याकाळी मला सिनेमा बघायचाय.”

चंदर आला, सरंग्यासकट आला, आणि मग दर रविवारी येत राहिला. त्याच्यामागून मास्तर आले, ती पोरगी आली. दोन प्रोग्रामांचा एक झाला. नावावरून वाद झाला तेव्हा सगुणाने निवाडा दिला की देवाचं नाव आधी आणि माशाचं नंतर, पण मुळात देवाच्या पंगतीला मासा बसवू नका, म्हणून नाव नुसतं ‘वेतोबा’च राहिलं. अख्खा प्रोग्राम वाचनालयाच्या भिंतीवर लागला. वनमालाबाईंना जेव्हा कळलं की वर नुसतं बुद्धिबळ चालतं, तेव्हा त्या खरंच खट्टू झाल्या आणि शेवग्याच्या शेंगा बंद झाल्या. जयवंत आता कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत न विचारता सांगायचा, इतकं सांगायचा की लोक डबा घेऊन दुसऱ्या मजल्यावर जाऊ लागले.

पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत त्यांचा दुसरा नंबर आला. पहिला आला बोरिवलीच्या अनंत नावाच्या एका शिंप्याचा, ज्याने भिंतीवरून यांचाच प्रोग्राम उतरवून, तसं स्पष्ट सांगून, त्यात चार सुधारणा केल्या होत्या. जयवंत तावातावाने त्याच्या मशीनपाशी गेला. अनंताने खुर्ची दिली आणि सगळं दाखवलं. दाखवता दाखवता जयवंताला त्यात हत्तीच्या हिशेबात एक ढोबळ चूक दिसली, आणि जीभ आवरायच्या आत ती त्याने सांगूनही टाकली. अनंताने तिथल्या तिथे दुरुस्त केली आणि हात जोडले.

घरी परतताना रिक्षात टीव्ही मांडीवर घेऊन जयवंत चडफडत होता. भांडुप गेलं तरी चालूच.

“काय झालं?” मालनने विचारलं.

“सांगायला नको होतं गं. पुढच्या वर्षी त्याच चुकीवर धरला असता त्याला.”

“मग आता?”

“आता काय, तो आणखी भारी होणार. मग आपल्याला पण व्हावं लागणार. उद्याच चंदरला फोन करतो.” त्याने रिक्षावाल्याकडे बघून आवाज खाली आणला. “पण ऐक. मला आत्ता एक भन्नाट कल्पना सुचलीय. ती मात्र निदान स्पर्धेपर्यंत कुणाला म्हणजे कुणाला...”

“खड्डा आला,” मालन म्हणाली. “टीव्ही धरा नीट.”